मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचं बटण: वितळवण्यापासून ऑक्सिडेशन चाचणीपर्यंत

उच्च तापमानाच्या धातूंवर संशोधन सुरू केलेल्या विद्यार्थ्याच्या हातून प्रयोगशाळेत पहिली वस्तू घडते ती बहुधा आर्क भट्टीतलं (विजेच्या सलग ठिणगीने, म्हणजे आर्कने, धातू वितळवणाऱ्या भट्टीतलं) 'बटण', म्हणजे सुपारीएवढा ओतीव गोळा. हे पहिलं बटण मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचं करावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो. मॉलिब्डेनमच्या एका अणूला सिलिकॉनचे दोन अणू असलेलं हे संयुग सुमारे २०२० अंश सेल्सिअसला वितळतं आणि प्रयोगशाळेतल्या उच्च तापमानाच्या अनेक भट्ट्यांमधली तापणारी कांडी याचीच असते. हवेत १५०० अंशांवरही ते टिकतं, कारण पृष्ठभागावर सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) काचेसारखा थर धरतो. आणि तेच संयुग ५०० अंशांवर भुगा होऊ शकतं. एकाच पदार्थात दोन्ही टोकं पाहायला मिळतात.

या सगळ्या कामात एक गोष्ट सोडू नये: वजनाचा हिशेब. प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर वजन, आणि ते त्याच क्षणी वहीत, शाईने. पुढे क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येतात, पण वजनाचा हिशेब जुळत नसेल तर त्या चित्रांचा अर्थ लावता येत नाही.

माल आणि मोजणी

मॉलिब्डेनम ९९.९५ टक्के शुद्धतेचं, कांडीचे किंवा जाड पत्र्याचे तुकडे. सिलिकॉन अर्धवाहक दर्जाचं, खड्यांच्या रूपात. भुकटी घेऊ नका. आर्कचा झोत भुकटी उडवून लावतो, आणि भुकटीच्या कणांवर ऑक्सिजनही जास्त चिकटलेला असतो. मॉलिब्डेनमचे तुकडे एमरी पेपरवर घासून राखाडी चमक येऊ द्या, मग ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिकला धुवा. सिलिकॉनचे खडे फोडताना लोखंडी हातोडी थेट लावू नये. स्वच्छ कापडात किंवा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फोडावेत.

२० ग्रॅमच्या बटणाला मॉलिब्डेनम १२.६१५ ग्रॅम आणि सिलिकॉन ७.३८५ ग्रॅम लागतं. मॉलिब्डेनमचे तुकडे नेमक्या वजनाचे कापत बसू नका. जेवढं भरेल तेवढं घ्या, त्याला ०.५८५४ ने गुणा, तेवढं सिलिकॉन मोजा. सिलिकॉनचे लहान खडे कमी-जास्त करून तिसऱ्या दशांशापर्यंत जुळवता येतं.

भट्टी

आधी पाण्याचा प्रवाह सुरू करा, मग बाकी सगळं. तांब्याची मूस पाण्याने थंड होते. पाणी बंद असताना आर्क लावला तर तांब्याला भोक पडून पाणी थेट वितळलेल्या धातूवर येतं, आणि तो अपघात जिवावर बेततो. म्हणून परतीच्या नळीतून पाणी पडताना डोळ्यांनी पाहून मगच पुढे जा, केवळ मीटरवर विसंबू नका.

मुशीच्या खळग्यात खाली सिलिकॉन, वर मॉलिब्डेनम ठेवा. थंड सिलिकॉन वीज नीट वाहून नेत नाही, शिवाय आर्कचा चटका बसला की तडकून उडतं. वर मॉलिब्डेनम असलं की आर्क त्यावर धरतो आणि उष्णता हळूहळू खाली उतरते. शेजारच्या खळग्यात टायटॅनियमचा तुकडा ठेवा, हा गेटर, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन-नायट्रोजन शोषून घेणारा.

चेंबर मिलिबारच्या एक लाखाव्या भागापर्यंत निर्वात करा, ९९.९९९ टक्के शुद्ध आर्गॉन भरा, पुन्हा ओढा. असं तीनदा. शेवटी ५०० मिलिबारच्या आसपास आर्गॉन ठेवा.

आधी गेटर वितळवा, मिनिटभर. आर्क बंद करून थंड होताना त्याचा रंग बघा. आरशासारखा रुपेरी राहिला तर वातावरण चांगलं आहे. सोनेरी किंवा निळसर झाक आली तर कुठेतरी ऑक्सिजन किंवा नायट्रोजन शिरतो आहे. दाराची ओ-रिंग काढून पुसा, व्हॅक्यूम ग्रीस पातळ लावा, पुन्हा सुरुवात करा. 'आजचा दिवस चालवून घेऊ' म्हणून पुढे गेलात तर तो ऑक्सिजन सिलिकाच्या बारीक कणांच्या रूपाने बटणात बसतो, आणि नंतर कुठल्याही उपायाने निघत नाही.

आता मुख्य माल. टंगस्टनचं टोक (ज्यातून आर्क निघतो ते) आणि माल यांत ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवा, कमी प्रवाहावर आर्क धरा आणि सावकाश वाढवा. २० ग्रॅमला २५० ते ३०० अँपिअर बहुधा पुरतात. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन एकत्र येताना स्वतःची बरीच उष्णता सोडतात, त्यामुळे एका क्षणी गोळा एकदम उजळतो. त्या वेळी प्रवाह वाढवत राहिलात तर थेंब उडतात. हात स्थिर ठेवा, गोळा एकजीव झाला की मग वाढवा. टंगस्टनचं टोक वितळलेल्या धातूत बुडता कामा नये. बुडालं तर टंगस्टन मिसळतं, बटणाचं वजन अकारण वाढतं आणि टोकही नव्याने घासावं लागतं. टोक थोरियमयुक्त असेल तर त्याची घासणावळ श्वासात जाऊ देऊ नये. लँथॅनमयुक्त टोक मिळालं तर तेच वापरा.

बटण उलटून निदान ५ वेळा वितळवा. तांब्याला टेकलेली खालची बाजू कधीच पुरती वितळत नाही. मॉलिब्डेनमची घनता १०.२, म्हणजे न विरघळलेला तुकडा तळाशी जाऊन बसतो आणि वरून बटण अगदी निर्दोष दिसतं.

बटण तडकणं ही या पदार्थाची नेहमीची अडचण. साधारण ९०० ते १००० अंशांच्या खाली तो ठिसूळ असतो, आणि थंड तांब्यावर वर-खाली तापमानाचा फरक मोठा पडतो. शेवटच्या वितळणीत आर्क एकदम तोडू नका. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेऊन प्रवाह उतरवा, आर्क बटणावर गोल फिरवत ठेवा. चेंबर १५ मिनिटं बंद राहू द्या. एवढं करूनही बारीक तडे राहतात. ते कुठे आहेत हे माहीत असणं महत्त्वाचं, का ते खाली येईलच.

हिशेब

बटण आणि मुशीतले उडालेले थेंब वेगवेगळे तोला. समजा २०.००० ग्रॅममधून थेंब धरूनही ०.०७० ग्रॅम गेले. तेवढं सगळं सिलिकॉन वाफ झालं असं धरलं, तर बटणात सिलिकॉनचे अणू ६६.६७ ऐवजी सुमारे ६६.४५ टक्के राहतात. ही तूट मॉलिब्डेनमचं दुसरं सिलिसाइड, पाच अणू मॉलिब्डेनम आणि तीन अणू सिलिकॉनचं, भरून काढतं. ते अणूंच्या हिशेबाने पाऊण टक्क्याच्या आसपास येईल. क्ष-किरणांच्या आलेखात इतकं थोडं दिसणार नाही, सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या कडांवरच्या उजळ रेघांत दिसेल. म्हणून 'आलेखात एकच प्रावस्था (फेज) आहे' एवढ्यावर थांबू नका. उलट सिलिकॉन जास्त झालं तर ते मोकळं राहतं आणि १४०० अंशांजवळ वितळतं, मग १५०० अंशांची चाचणी निरर्थक ठरते. वजनातली घट एक टक्क्याच्या वर गेली तर बटण बाजूला ठेवावं, असं आमचं मत.

पाण्यात तोलून घनताही काढा. ६.२४ ही सैद्धांतिक घनता. मिळालेला आकडा बराच कमी असेल तर आत पोकळी आहे.

कापणं

हे संयुग वीज वाहून नेतं, त्यामुळे वायरकटवर, म्हणजे तारेतून उडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या यंत्रावर, कापता येतं. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये असतं तेच यंत्र. पण पितळी तार कापलेल्या बाजूवर तांबं आणि जस्ताचा थर सोडते. तो थर तसाच राहिला तर तुम्ही जस्ताचं ऑक्सिडेशन मोजाल. प्रत्येक बाजू निदान ५० मायक्रॉन घासून काढा, मग २२० पासून १२०० नंबरच्या एमरी पेपरपर्यंत पॉलिश. हिऱ्याची संथ करवत मिळाली तर उत्तम, फक्त वेळ लागतो.

१० × ५ × २ मिलिमीटरच्या नमुन्याचं पृष्ठफळ १.६ चौरस सेंटिमीटर भरतं. कोपरे किंचित गोल करा. आणि १०० पट मोठं करून सहाही बाजूंचे फोटो घ्या, तड्यांसह.

५०० अंश

या तापमानाच्या आसपास होणाऱ्या भुग्याला 'पेस्ट' (इंग्रजी pest, म्हणजे कीड) म्हणतात, आणि मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या बाबतीत तो १९५५ मध्ये फिट्झर यांनी नोंदवला. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन दोन्ही एकदम ऑक्साइड होतात. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड इतक्या कमी तापमानाला उडून जात नाही, सिलिकाचा थर सलग होत नाही, आणि ट्रायऑक्साइडचं आकारमान मूळ मॉलिब्डेनमच्या तिपटीहून जास्त असतं. तड्यात ते पाचरीसारखं बसतं, तडा रुंदावतो, नवा पृष्ठभाग उघडा पडतो. पुरता घट्ट, तडा नसलेला नमुना मात्र याच तापमानाला पुष्कळ टिकतो. तड्यांचे फोटो घ्यायचे ते यासाठी. 'माझा नमुना भुगा झाला' हे विधान फोटोशिवाय अर्धवट आहे.

ॲल्युमिनाच्या मुशी आधी १२०० अंशांवर रात्रभर तापवून त्यांचं वजन स्थिर करा. १, ५, १०, २५, ५० आणि १०० तास, प्रत्येक वेळेसाठी वेगळा नमुना. बाहेर काढल्यावर मुशीसकट तोला आणि नमुना एकटाही तोला. फिकट पिवळसर-हिरवी भुकटी मुशीत पडलेली असते, ती झटकून टाकली की हिशेब गेला. संपूर्ण रूपांतर झालं तर वजन ७३.६ टक्क्यांनी वाढायला हवं. त्याहून जास्त आलं तर चूक तराजूत किंवा ओल्या मुशीत शोधा. भुकटी हाताळताना मास्क आणि फ्यूम हूड.

१२०० अंश आणि वर

इथे उलटं होतं. सुरुवातीला ट्रायऑक्साइड वाफ होऊन उडतं, म्हणून वजन आधी घटतं. मग सिलिकाचा थर सलग झाला की सावकाश वाढतं. १०० तासांत ही वाढ चौरस सेंटिमीटरला मिलिग्रॅमच्या काही दशांशांइतकीच असते. ०.१ मिलिग्रॅमचा तराजू इथे अपुरा, ०.०१ चा हवा. उडालेलं ट्रायऑक्साइड भट्टीच्या थंड भागात जाऊन बसतं, तेव्हा त्याच फेरीत दुसऱ्या कुणाचे नमुने ठेवू नका. १४०० च्या वर सिलिका ॲल्युमिनाला चिकटते. नमुना मुशीच्या तळाशी आडवा न ठेवता कडेवर टेकवा.

यानंतर

भारतात या विषयाचं काम मुंबईत ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, हैदराबादची डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा), आयआयटी मुंबई अशा ठिकाणी चालतं. पुण्या-नागपुरातून मेटलर्जी केलेल्यांना गेट या प्रवेश परीक्षेचा एमटी (मेटलर्जीचा) पेपर सरळ वाट देतो, भौतिक-रसायनशास्त्रवाल्यांनी प्रावस्था आकृत्या आधी पक्क्या कराव्यात.

डायसिलिसाइडचा ठिसूळपणा टाळायचा तर पुढची पायरी मॉलिब्डेनम-सिलिकॉन-बोरॉन. अणूंच्या हिशेबाने १२ टक्के सिलिकॉन, ८.५ टक्के बोरॉन हे मिश्रण बरंच अभ्यासलेलं आहे. त्यातलं मोकळं मॉलिब्डेनम चिवटपणा देतं, बोरॉनमुळे पृष्ठभागावरची काच वाहती होऊन भेगा भरते. २० ग्रॅमला मॉलिब्डेनम १८.९३५, सिलिकॉन ०.८३७ आणि बोरॉन फक्त ०.२२८ ग्रॅम. बोरॉन हलकं, चटक्याने तडकून उडणारं. एक खडा मुशीबाहेर गेला की रचना बिघडली. म्हणून बोरॉन आधी थोड्या मॉलिब्डेनमबरोबर वेगळं वितळवून घ्या, त्याचं वजन करा, आणि त्या तुकड्यातलं बोरॉन धरून बाकीची मोजणी नव्याने करा.