मे महिन्यातल्या दुपारी फळं कशी कालवावीत

माझं माहेर गोव्यातल्या सावईवेऱ्याचं, सासर म्हापशाचं. माहेरी कुळागर, म्हणजे सुपारीची बाग: वर सुपारी, तिच्या सावलीत अननस, पाटाच्या कडेने केळी, घराला टेकून पपई. सासरी शुक्रवारचा बाजार दारापासून दहा मिनिटांवर. फळांचं मला कधीच कमी पडलं नाही, तरी फ्रूट सॅलड मात्र कितीतरी वर्षं चुकीचं करत होते.

मुलीचा पाचवा वाढदिवस होता. आदल्या रात्री दुधाचं कस्टर्ड करून गार केलं, त्यात ताजा अननस चिरून घातला आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवून निर्धास्त झोपले. सकाळी चमचाभर चाखलं तर कडू. चार वाजता पंधरा मुलं येणार होती आणि पातेलंभर कस्टर्ड मोरीत ओतावं लागलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्यातूनच हा कडवटपणा येतो, हे मला पुढे कळलं. शिजवल्यावर विकराचा जोर जातो, म्हणून अननसाचा शिरा कधी कडू होत नाही. तेव्हापासून आमच्या घरी फळांत दूध नाही, कस्टर्ड नाही, डब्यातलं क्रीम नाही. उन्हाळ्यात फळं खायची ती जीव गार व्हावा म्हणून, आणि त्याला त्यांचा स्वतःचा रस पुरतो. फक्त कुठलं फळ भांड्यात कधी पडायचं, हे सांभाळावं लागतं. माझी सगळी रीत त्या एका गोष्टीवर उभी आहे.

सहा माणसांसाठी मी घेते ते असं: दोन मानकुराद आंबे, अर्धा मध्यम अननस, अर्धी लहान पपई, दोन वाट्या कलिंगडाच्या फोडी, तीन सालदाटी केळी आणि एक आडसर, म्हणजे शहाळ्याच्या पुढचा कोवळा नारळ. रसासाठी एक मोठं लिंबू, किसलेला माडाचा गूळ एक मोठा चमचा, आल्याचा रस अर्धा लहान चमचा, कोकमाचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) एक लहान चमचा आणि सात-आठ मिरीदाणे.

मानकुराद नीट निवडला तर निम्मं काम झालं. नाव पोर्तुगीज ‘मालकोराद’वरून आलं असं सांगतात, म्हणजे रंग नीट न चढलेला. रंगावर भुलणारा माणूस त्याला हातही लावणार नाही. पण आत रेषा जवळजवळ नाहीत आणि गोडीला खोली आहे. 2023 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. बाजारात तो डझनावर मिळतो. मी विकणाऱ्या बाईला आधीच सांगते की कापून घालायचाय, आजच. ती एकेक आंबा हातात घेऊन देठाकडे अंगठ्याने किंचित दाबते आणि वेगळा काढते: हो आज खा, हो फाल्यां, म्हणजे हा आज, हा उद्या. सॅलडसाठी मी ‘फाल्यां’तला घेते. आजचा आंबा रसाला चांगला, पण सुरीखाली त्याचा लगदा होतो. मोठा पाऊस पडून गेला की आंब्यात अळी धरते, तेव्हा प्रत्येक फळ कापून आतून बघितल्याशिवाय घालू नका.

आंबे घरी आणले की अर्धा तास पाण्यात ठेवा. मग देठाकडचा पातळ काप काढून टाका, चीक तिथेच असतो आणि तोच ओठांना खाजतो. दोन्ही गालांच्या फोडी बोटाच्या पेराएवढ्या करा. बाठा फेकू नका, कुणीतरी तो चोखायला टपून बसलेलं असतंच.

अननसाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. आंबा, केळं, पपई झाडावरून काढल्यावरही पिकतात. अननस कापून आणल्यावर मऊ होईल, रंगही बदलेल, पण गोड होणार नाही. म्हणून घेतानाच पिकलेला घ्यायचा. पानं उपटून बघण्यापेक्षा बुडाला नाक लावा. वास गोड आणि भरून आला तर घ्या, आंबूस आला तर ठेवून द्या, काहीच आला नाही तरीही ठेवून द्या. साल जाड काढली तर सालीलगतचा गोड भाग वाया जातो. माझे वडील साल पातळ काढत आणि मग डोळ्यांकडे बघायला सांगत. ते डोळे तिरक्या ओळींत असतात. ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी घालत गेलं की पन्हळीसारखी पट्टी निघते आणि सगळे डोळे जातात. मधला कडक दांडा काढून पाणी-गुळात उकळा, त्याचं सरबत सुरेख होतं.

फोडी केल्यावर त्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवते आणि निथळून घेते. जिभेला टोचतं ते यामुळे कमी होतं आणि गोडीही वर येते. अननस मूळचा अमेरिकेतला, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आला. आमच्या कुळागरांत मात्र तो असा रुजलाय की सुपारीखाली अननस नसेल तर जागा मोकळी वाटते.

पपई परसातली असेल तर तिसरा भाग पिवळा झाल्यावर काढा आणि दोन दिवस घरात ठेवा. विकतची घेताना दोन तृतीयांश पिवळी आणि देठाजवळ घट्ट असलेली बघा. बिया चमच्याने खरवडताना खालचा पांढुरका पापुद्राही काढा. ज्यांना पपईचा वास आवडत नाही त्यांच्यासाठी फोडींवर लगेच थोडं लिंबू पिळा. माझे दीर पपई तोंडात घालत नसत, लिंबू लावलेली खातात.

आता आडसर. शहाळ्याचं खोबरं सायीसारखं असतं, ते फळांत विरून जातं. आडसर म्हणजे त्याच्या पुढचा टप्पा, खोबरं धरलेलं पण अजून दाताखाली मऊ. नारळ काढणाऱ्या पाडेल्याला सांगितलं की तो बरोबर काढून देतो. पाणी गाळून बाजूला ठेवा, त्याचं काम पुढे आहे. खोबऱ्याच्या पातळ पट्ट्या करा.

एक गोष्ट आमच्यासारख्या मासे खाणाऱ्या घरांत सांगायलाच हवी. फळांची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. नुस्त्याची आदोळी, म्हणजे माशांची विळी, कितीही घासली तरी पपईला तिचा वास लागतो. कांदा चिरलेल्या पाटावर आंबा चिरला तर तो आंबा गेलाच.

रस असा करते. पाव वाटी आडसराच्या पाण्यात माडाचा गूळ विरघळवायचा. हा गूळ काळपट असतो आणि त्याला किंचित धुराचा वास असतो. साखरेने ती चव येत नाही. त्यात लिंबू, आल्याचा रस आणि आगळ घालायचं. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. मिरी खलबत्त्यात जाडसर कुटून शेवटी. तयार पूड वापरली तर ती नुसती तिखट लागते, वास येत नाही. रस चाखून बघा. नुसता प्यायला थोडा जास्त आंबट वाटला पाहिजे, फळं पडली की तो जागेवर येतो.

मोठ्या भांड्यात आधी अननस आणि निम्मा रस. दहा मिनिटांनी पपई आणि आडसराच्या पट्ट्या. मग आंबा, आणि इथून पुढे पळीने ढवळायचं नाही, भांडं दोन्ही हातांनी धरून हलकं उसळवायचं. झाकून फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास. कलिंगड आणि केळी या वेळी भांड्याबाहेरच. कलिंगडाला मीठ-आंबट लागलं की ते पाणी सोडतं आणि सगळ्या फळांची चव पातळ होते. केळं हवेत काळं पडतं. लिंबाने ते लांबतं, थांबत नाही. म्हणून ही दोन्ही वाढायच्या आधी पाच मिनिटं, उरलेल्या रसासकट. सालदाटी नावाप्रमाणे जाड सालीचं आणि आतून घट्ट, ते फोड धरून राहतं. रसबाळी खायला गोड, पण इथे तिचं पिठूळ होतं. कलिंगड पर्रा गावचं मिळालं तर भाग्य. नाही मिळालं तर जमिनीला टेकलेला डाग पांढरा नसून पिवळा आहे एवढं बघून घ्या.

वाढताना फार गार वाढू नका. बर्फासारख्या फळाची गोडी जिभेला कळत नाही आणि मग माणसं साखर मागतात. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलेलं सॅलड सगळ्यात चांगलं लागतं.

एप्रिलात बोंडू, म्हणजे काजूची बोंडं, मिळतात तेव्हा मी एक-दोन घालते. झाडाखाली नुकते पडलेले, न फुटलेले घ्यायचे. पातळ चकत्या करून मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या आणि धुऊन पिळायच्या, नाहीतर घसा धरतो. कपड्यावर थेंब पडू देऊ नका, डाग जात नाही. फणस घालायचा तर कापा, रसाळ नव्हे. आणि अगदी थोडा, कारण त्याचा वास बाकी सगळ्यांवर चढतो. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवल्यावर पेरू आणि पपनस यांचंही असंच करते, गुळाऐवजी मध घालून. माटोळीतलं प्रत्येक फळ खायचं नसतं, कवंडळं तर नुसती शोभेची. घरातल्या जाणत्या बाईला विचारूनच हात घाला.

फळं कालवणं आपल्याकडे विलायतेहून आलं असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. माझी आजी पिकलेल्या घोटांचं, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचं, सासव करायची: ओलं खोबरं, सुकी मिरची आणि मोहरी वाटून, वर गूळ. मोहरी शेवटी घालून दोनच फेरे वाटायची, जास्त वाटली की कडू होते. अननसाचंही ती तसंच करायची. कधी रसाऐवजी एक चमचा सासवाचं वाटण या फळांत घालून बघा, मात्र त्यात आगळ नको, आणि ते जेवणाबरोबर वाढा.

उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, त्याच रात्रीपर्यंत. मे महिन्यात कापलेली फळं ओट्यावर दोन तासांहून जास्त ठेवू नका. आमच्याकडे बहुधा फळं उरत नाहीत, भांड्याच्या तळाशी गुलाबीसर रस उरतो. तो मी पेल्यात ओतून, वर आडसराचं उरलेलं पाणी घालून सासूबाईंना देते. त्यांना दात नाहीत, आणि सगळ्या फळांची चव एकत्र त्यांच्याच पेल्यात येते.