पावसात २०० किलोमीटर सायकल चालवायची तयारी कशी करावी

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, साडेतेरा तास मिळतात. कोरड्या रस्त्यावर ते पुरेसे वाटतात. पावसात मात्र पंक्चर, चहाचे थांबे आणि जपून उतरायचे घाट यांत वेळ कसा सरतो ते कळत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर सायकल भिंतीला टेकवून ठेवू नका.

सुरुवात ओळखीच्या रस्त्यावर २५-३० किलोमीटरने करा. दर रविवारी १०-१५ किलोमीटर वाढवा. ब्रेव्हेआधी एकदा तरी १२०-१५० किलोमीटर भिजत चालवून झालेले हवेत.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, पॅड दाबणारा) असेल तर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पॅड नुसतं पाणी पुसतं, पकड नंतर येते. मोकळ्या रस्त्यावर वीस-बावीसच्या वेगाने या, एका खांबापाशी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा आणि सायकल कुठे थांबली ते बघा. असं दहा वेळा करा, म्हणजे हाताला अंदाज बसतो. ताम्हिणीसारख्या घाटात ब्रेक वळणाआधीच लावून घ्या, वळणात नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि ओला पाला यांवरून सायकल सरळ ठेवूनच जा. साचलेल्या पाण्यातून जाऊ नका, खाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५-१० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी ठेवा.

कपडे निवडताना कोरडं राहायचा हट्ट सोडा. भिजणार तर आहातच, ऊब टिकली पाहिजे. अंगासरशी जर्सी, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. चढावर जॅकेटची चेन उघडी ठेवा, उताराआधी गळ्यापर्यंत लावा. टपरीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, हुडहुडी बसल्यावरच भरते. मांड्यांना व्हॅसलिन लावा. मोज्यांचा जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घ्या.

भोरच्या वाटेवर एकदा माझी बोटं इतकी गारठली की चिक्कीचं पाकीट उघडेना, शेवटी दातांनी फाडलं. तेव्हापासून खाऊची पाकिटं मी घरीच कापून खिशात ठेवते. पावसात तहानही लागत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्यायची सवय सरावातच लावा.

पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट दिवसाही वापरा. विजा कडाडू लागल्या, फरशी पुलावरून पाणी वाहत असलं किंवा घाटात दगड पडत असले, तर परत फिरा. इथे तडजोड नको.

घरी आल्यावर कितीही दमलात तरी सायकलची चेन पुसून तेल घाला आणि ब्रेक पॅड धुवा. पॅडमध्ये रुतलेले बारीक खडे सुईने काढा, नाहीतर पुढच्या वेळी रिम खरवडली जाते. उताराला करकर आवाज आला, तर तो बहुतेक वेळा याच खड्यांचा असतो.