शाळेतून ‘टायटल वन’चे पत्र आले तर

अमेरिकेतील पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, मूल घातले की वर्षाच्या सुरुवातीला दप्तरातून कागदांचा गठ्ठा घरी येतो, आणि ‘ही शाळा टायटल वन शाळा आहे’ असे कळवणारे एक पत्र त्यात असू शकते. ते वाचून काही मराठी पालक शाळा कमी दर्जाची आहे असे समजतात, तर काही जण ही गरिबांची योजना आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे म्हणून पत्र बाजूला ठेवतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. टायटल वन म्हणजे गरीब मुले अधिक असलेल्या शाळांना केंद्र सरकारकडून मिळणारी मदत. तिचा पैसा एकेका मुलाच्या नावावर येत नाही, तो शाळेला मिळतो, आणि त्याच्या विनियोगाबद्दल बोलण्याचा हक्क कायद्याने पालकांना दिलेला आहे.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी, टेक्सासमधील ज्या एकखोली शाळेत ते लहानपणी शिकले होते तिथे, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. टायटल वन हा त्याचाच पहिला भाग आहे. आज लागू आहे ते या कायद्याचे २०१५ सालचे रूप, म्हणजे ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २०२४ या आर्थिक वर्षासाठी टायटल वनला सुमारे १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले होते. ५ ते १७ वयोगटातील गरीब मुलांचे जनगणना विभागाचे अंदाज हा मुख्य आधार धरून चार सूत्रांनुसार प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातील शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचा, वाटा ठरतो. पुढे डिस्ट्रिक्ट आपल्या शाळांची गरिबीच्या प्रमाणानुसार क्रमवारी लावते आणि ७५ टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या शाळांना आधी पैसा देते.

या क्रमवारीसाठी बहुधा शाळेतील जेवणाच्या सवलतीची आकडेवारी वापरली जाते, म्हणून त्या सवलतीसाठी पालकांनी भरायचा अर्ज महत्त्वाचा आहे. संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असल्यास जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत असल्यास सवलतीत मिळते. चांगल्या पगाराच्या नोकरीवर आलेल्या कुटुंबाला हे लागू होणार नाही; मात्र पीएचडीच्या विद्यावेतनावर चौघांचे घर चालवणाऱ्याला लागू होऊ शकते, आणि मूल घरची पोळी-भाजीच नेत असले तरी अशा घराने अर्ज भरावा, कारण त्या नोंदीचा उपयोग शाळेलाही होतो. सर्व मुलांना सरसकट मोफत जेवण देणाऱ्या शाळांत हा अर्ज नसतो.

यानंतर शाळा कोणत्या पद्धतीने पैसा वापरते ते पत्रात पाहावे. गरिबीचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल, किंवा खास परवानगी असेल, तर ‘स्कूलवाइड’ पद्धत चालते आणि पैसा संपूर्ण शाळेच्या सुधारणेसाठी वापरता येतो. अन्यथा ‘टार्गेटेड असिस्टन्स’ असते, आणि तिथेही मुलांची निवड मुख्यतः अभ्यासातील गरज पाहून होते, पालकांचा पगार पाहून नव्हे. वाचनात मागे पडलेल्या मुलाच्या आईवडिलांनी ‘आपले उत्पन्न बसणार नाही’ म्हणून गप्प राहू नये.

शाळेला दर वर्षी टायटल वनची पालकसभा घ्यावीच लागते. आमचा अनुभव असा की तिथे खुर्च्या पुष्कळ आणि माणसे थोडी असतात. त्यामुळे जो पालक तयारीने जातो त्याचे ऐकले जाते. जाण्यापूर्वी शाळेचा आराखडा आणि शाळा-पालक करारनामा मागून वाचावा. सभेत विचारावे की हा पैसा नेमका कोणत्या शिक्षकांवर, कोणत्या वर्गांवर खर्च होतो, आणि राज्याचा व स्थानिक निधी शाळांना वाटताना टायटल वन शाळेचा वाटा कमी केला जात नाही हे डिस्ट्रिक्ट कसे दाखवते. दुसरा प्रश्न अवघडल्यासारखा वाटेल, पण केंद्राचा पैसा भर घालण्यासाठी आहे, नेहमीच्या खर्चाची जागा घेण्यासाठी नाही, हा या कायद्याचा कणाच आहे. डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळत असेल तर तिच्यातील किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी राखावा लागतो. तो कुठे गेला हेही विचारावे. स्कूलवाइड आराखडा पटला नाही तर हरकत लेखी द्यावी, कारण आराखडा डिस्ट्रिक्टकडे पाठवताना पालकांचे असे अभिप्राय सोबत जोडणे शाळेला बंधनकारक आहे. तोंडी तक्रार मात्र सभागृहातच विरते.

प्रवेशाच्या वेळी भरायच्या ‘होम लँग्वेज सर्व्हे’बद्दल मराठी पालकांत बरीच चलबिचल असते. घरी मराठी बोलतो असे लिहिल्यास मुलाची इंग्रजीची चाचणी होते, म्हणून काही जण सरळ ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. आमच्या मते खरे तेच लिहावे. चाचणीत मदतीची गरज दिसली आणि मुलाला भाषेच्या वर्गात घातले, तर शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तसे कळवले पाहिजे, आणि तो वर्ग नाकारण्याचा हक्क पालकांना आहे. इंग्रजीत प्रावीण्य मिळेपर्यंत वार्षिक चाचणी मात्र द्यावीच लागते.

मुलाच्या शिक्षकांची पात्रता विचारण्याचाही हक्क टायटल वन पालकांना आहे, आणि राज्याची पात्रता नसलेल्या शिक्षकाने सलग चार आठवडे किंवा अधिक काळ शिकवल्यास शाळेने स्वतःहून कळवायचे असते. उत्तर मिळाले नाही तर आधी प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्टचे टायटल वन कार्यालय आणि शेवटी राज्याच्या शिक्षण विभागाची लेखी तक्रार प्रक्रिया, या क्रमाने जावे व प्रत्येक पत्राची तारखेसह प्रत स्वतःजवळ ठेवावी.