दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे गुणधर्म वर्गात कसे दाखवावेत

स्कॅन्डियम, यट्रियम आणि लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा अशा एकूण १७ मूलद्रव्यांना दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये म्हणतात. त्यांतील सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. मात्र ही मूलद्रव्ये एका जागी भरपूर साठलेली क्वचितच सापडतात. शिवाय त्यांचे आयन (विद्युतभारित अणू) बहुधा त्रिसंयुजी, म्हणजे +३ प्रभाराचे, आणि जवळपास सारख्या आकाराचे असल्याने ती एकाच खनिजात मिसळून राहतात आणि वेगळी करणे जिकिरीचे ठरते. मराठवाड्यातील शाळेत हे दाखवण्यासाठी फार खर्च येत नाही.

प्रथम गॅसवेल्डिंगच्या दुकानातून चकमकीचा लायटर आणावा आणि खोलीत अंधार करून तो घासावा. चकमकीचा खडा लोह व सिरियमप्रधान मिश्रधातूचा असतो. घासताना सुटलेले बारीक कण घर्षणाच्या उष्णतेनेच हवेत पेट घेतात, यावरून सिरियमची ऑक्सिजनशी असलेली ओढ कळते. स्वयंपाकघरातील खटक्याचा लायटर येथे चालणार नाही, कारण त्याची ठिणगी विजेची असते.

त्यानंतर भंगारातील हार्ड डिस्क उघडून तिच्यातील चुंबक काढावा. हा निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक आहे. तो किती टाचण्या उचलतो हे नोंदवावे, मग उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून, थंड झाल्यावर पुन्हा तेच करावे. सर्वसाधारण प्रतीचे असे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली काही शक्ती कायमची गमावतात, म्हणून तापणाऱ्या मोटारींच्या चुंबकांत डिस्प्रोशियम मिसळावे लागते. चुंबकाच्या प्रतीनुसार फरक थोडाही पडू शकतो. चुंबक ठिसूळ असतो. तो घासून पूड करू नये, कारण ती पेट घेते, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये, कारण गिळलेले दोन चुंबक आतड्यात एकमेकांना ओढून जीवघेणे ठरतात.

शेवटी निसर्गातील आढळ. पावसानंतर गोदावरीच्या किंवा गावओढ्याच्या वळणावर साचलेली काळी वाळू वाळवावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला साधा चुंबक तिच्यावरून फिरवावा. चिकटणारे काळे कण प्रामुख्याने मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात, दुर्मिळ मृदांच्या खनिजाचे नव्हेत. वाळू जड आणि काळी दिसली म्हणून ती मौल्यवान ठरत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या आपल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) ही मूलद्रव्ये आहेत, पण दगडभर विखुरलेली आणि अत्यल्प. भारतातील मुख्य साठा मोनाझाइट या पिवळसर तपकिरी फॉस्फेट खनिजात, केरळमधील चवरा, तामिळनाडूतील मनवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळूत आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकांतून झिजून सुटलेले त्याचे जड कण लाटांनी निवडून एकत्र केले आहेत. मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियमही असते आणि त्याच्या हाताळणीवर अणुऊर्जा कायद्याचे नियंत्रण आहे, त्यामुळे सहलीत त्या किनाऱ्यांची वाळू नमुना म्हणून आणू नये. वर्गात छायाचित्रे दाखवावीत.