अमेरिकेतील मेडिकल स्कूलला अर्ज करण्यापूर्वी वरच्या स्तरावरील विज्ञान कोर्स कसे निवडावेत

महाराष्ट्रात बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. अमेरिकेत मात्र आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि मेडिकल स्कूलची चार वर्षे त्यानंतर सुरू होतात. (पुण्यातल्या आजीआजोबांना हे समजावून सांगणे हा प्रवेशप्रक्रियेचाच एक भाग आहे, असे अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांना वाटत असेल.) पदवीच्या काळात ‘प्री-मेड’ (मेडिकल स्कूलची पूर्वतयारी) हा शब्द सतत कानावर पडतो, परंतु बहुतेक कॉलेजांत तो मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नसतो. मेजर कोणताही घेता येतो, काही ठरावीक विज्ञान कोर्स मात्र पूर्ण करावे लागतात. सर्वसाधारणपणे जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष, लॅबसह, आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीचे एक सेमिस्टर, असा हा पाया असतो.

खरा गोंधळ त्याच्या पुढे सुरू होतो. जेनेटिक्स घ्यावे की सेल बायॉलॉजी? इम्युनॉलॉजी अवघड असते म्हणतात, मग ते टाळावे का? वरच्या स्तरावरचे सात-आठ कोर्स ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिकेवर) दिसले तर प्रवेश समिती खूश होते का? प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे: ज्याचे काम सांगता येत नाही असा कोर्स घेऊ नये. एखाद्या मेडिकल स्कूलची अट, एमकॅट या मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, चांगल्या प्राध्यापकाचा सहवास किंवा विषयाची मनापासून ओढ, यांपैकी एक तरी कारण हवे. अशा निकषावर निवडलेले तीन-चार कोर्स बहुतेकांना पुरतात.

पहिली पायरी: अटींची यादी स्वतः करावी

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, ज्या मेडिकल स्कूलना अर्ज करण्याची शक्यता आहे त्यांची कच्ची यादी करावी आणि तिची सुरुवात आपल्या राज्यातील सार्वजनिक मेडिकल स्कूलपासून करावी, कारण राज्यातील रहिवाशांना तिथे सहसा प्राधान्य असते. प्रत्येक मेडिकल स्कूलच्या अटी एएएमसी या मेडिकल स्कूलच्या राष्ट्रीय संस्थेच्या एमएसएआर नावाच्या माहितीसंचात एकत्र मिळतात, तरीही त्या त्या स्कूलच्या स्वतःच्या प्रवेशपानावर त्या पुन्हा तपासाव्यात. काही ठिकाणी कोर्सची सक्ती काढून ‘शिफारस’ एवढाच शब्द ठेवलेला आढळतो. शिफारस केलेला कोर्स शक्य असल्यास घ्यावा, हेच शहाणपणाचे.

यादी करताना तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षेतून मिळालेले जीवशास्त्राचे किंवा केमिस्ट्रीचे क्रेडिट अनेक मेडिकल स्कूल जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. त्या जागी त्याच विषयातला वरच्या स्तरावरचा कोर्स मागतात. म्हणजे एपीमुळे पहिले वर्ष वाचले असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात वरच्या कोर्सची गरज वाढलेली असते. दुसरे म्हणजे टेक्सास. तिथल्या सार्वजनिक मेडिकल स्कूलसाठी टीएमडीसास ही स्वतंत्र अर्जव्यवस्था आहे, आणि जीवशास्त्राची अट पहिल्या वर्षाच्या दोन कोर्सवर भागत नाही; स्टॅटिस्टिक्सही लागते. ह्यूस्टन किंवा डॅलसला राहणाऱ्या विद्यार्थ्याने हे तिसऱ्या वर्षी कळण्याची वाट पाहू नये. तिसरी बाब एच-४ व्हिसावर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या मुलामुलींची आहे: ग्रीन कार्ड नसलेल्या अर्जदारांना अनेक मेडिकल स्कूल घेतच नाहीत, म्हणून त्यांची यादी मुळातच वेगळी असते आणि कोर्सची निवडही त्याच यादीवरून करावी लागते.

दुसरी पायरी: ‘वरचा स्तर’ म्हणजे नेमके काय ते आपल्या कॉलेजात पाहावे

अनेक विद्यापीठांत ३०० आणि ४०० क्रमांकांचे कोर्स वरच्या स्तराचे मानले जातात, परंतु युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात १०० ते १९९ हे क्रमांक वरच्या स्तराचे असतात. त्यामुळे सॅन होजेच्या भावाचा सल्ला न्यू जर्सीच्या बहिणीला आकड्यांसकट लागू पडत नाही. क्वार्टर पद्धतीच्या विद्यापीठातील ३ क्रेडिट म्हणजे सेमिस्टर पद्धतीतील २, हेही हिशेबात धरावे. ‘ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी’ या जोडनावाचे पहिला-दुसरा भाग असलेले कोर्स बहुधा नर्सिंग आणि तत्सम शाखांसाठी आखलेले, खालच्या स्तराचे असतात. नाव भारदस्त असले तरी जीवशास्त्र विभागाची स्वतंत्र फिजिऑलॉजी ती वेगळी.

तिसरी पायरी: अर्जाच्या तारखेपासून उलटे मोजत यावे

मध्ये वर्ष न सोडता मेडिकल स्कूलला जायचे असेल तर अर्ज तिसरे वर्ष संपता संपता, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला भरावा लागतो. अर्जावर जे ग्रेड दिसतात ते तिसऱ्या वर्षापर्यंतचेच. एमकॅट जानेवारी ते सप्टेंबर या काळात होते आणि निकालाला साधारण महिना लागतो, म्हणून ती तिसऱ्या वर्षाच्या वसंतात उरकलेली बरी. याचा अर्थ असा की परीक्षेला उपयोगी पडणारे सगळे कोर्स तिसऱ्या वर्षाच्या फॉल (शरद ऋतूतल्या, म्हणजे वर्षाच्या पहिल्या) सेमिस्टरपर्यंत बसले पाहिजेत.

इथे केमिस्ट्रीची साखळी आडवी येते. जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिकची दोन, आणि त्यानंतर बायोकेमिस्ट्री. पहिल्या वर्षी साखळी सुरू केली तर बायोकेमिस्ट्री बरोबर तिसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये येते. एक सेमिस्टर उशीर झाला की ती एमकॅटच्या महिन्यांतच येऊन आदळते. काही कॉलेजांत ऑरगॅनिकच्या पहिल्या भागानंतरच बायोकेमिस्ट्री घेऊ देतात, तेव्हा आपल्या विभागाचा नियम विचारून घ्यावा. साखळी बसतच नसेल तर पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करावा. नोकरी किंवा संशोधन करत असे वर्ष घालवणारे अर्जदार आता पुष्कळ असतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी: बायोकेमिस्ट्री निवडताना सिलॅबस उघडून वाचावा

वरच्या स्तरावरचा एकच कोर्स घेणे शक्य असेल तर तो हाच. एमकॅटचे चार भाग असतात, प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण आणि एकूण ४७२ ते ५२८. त्यांपैकी जीवशास्त्राच्या आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या अशा दोन्ही भागांत सुमारे २५ टक्के प्रश्न पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीवर येतात. दुसऱ्या कोणत्याही वरच्या कोर्सला एवढे वजन नाही.

परंतु एकाच विद्यापीठात या नावाचे दोन-तीन कोर्स असू शकतात. एक केमिस्ट्री विभागाचा दोन सेमिस्टरांचा क्रम असतो, दुसरा जीवशास्त्राच्या किंवा प्री-मेडच्या विद्यार्थ्यांसाठीचा एका सेमिस्टरचा. नावावर न जाता आठवड्यांचा तक्ता पाहावा. अमिनो ॲसिड, प्रथिनांची रचना आणि एन्झाइमची गती हे विषय बहुतेक सगळीकडे पहिल्या सात-आठ आठवड्यांत येतात. प्रश्न त्यापुढचा आहे: ग्लायकोलिसिस, क्रेब्ज सायकल, ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन आणि फॅटी ॲसिडचे विघटन त्याच सेमिस्टरमध्ये येते का? दोन सेमिस्टरांच्या क्रमात हा चयापचयाचा भाग बऱ्याचदा पूर्णपणे दुसऱ्या भागात ढकललेला असतो. एमकॅटला तर तो लागतोच. म्हणून केवळ पहिला भाग घेऊन थांबणाऱ्याला परीक्षेच्या आधी अर्धा विषय स्वतः वाचावा लागतो. केमिस्ट्री मेजर नसलेल्या बहुतेकांसाठी एका सेमिस्टरचा आटोपशीर कोर्स अधिक सोयीचा, फक्त तो आपल्या यादीतील मेडिकल स्कूलना चालतो आणि विज्ञान मेजरसाठीचा आहे याची खात्री करावी.

पाचवी पायरी: उरलेल्यांतून दोन किंवा तीन निवडावेत

फिजिऑलॉजीला माझे पहिले मत. मूत्रपिंड, हृदय, श्वसन आणि हार्मोन यांची कार्यपद्धती एमकॅटमध्येही येते आणि मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षी त्याच विषयाचा धबधबा अंगावर येतो. ओळख असली की तो सुसह्य होतो. सेल बायॉलॉजी किंवा जेनेटिक्स यांपैकी एक घ्यावा. मेजर जीवशास्त्राचा असेल तर दोन्ही आपोआप होतात. संशोधन लेख वाचायची सवय या कोर्समध्ये लागते आणि एमकॅटचे बरेच प्रश्न प्रयोगाचा उतारा देऊनच विचारलेले असतात.

इम्युनॉलॉजीबद्दल मत थोडे वेगळे आहे. परीक्षेत त्याचा वाटा लहान आणि परिभाषा अफाट, तेव्हा ग्रेडच्या भीतीने अनेक जण त्यापासून दूर राहतात. आवड असेल तर चौथ्या वर्षी जरूर घ्यावा. परीक्षेच्या सेमिस्टरमध्ये नको. मायक्रोबायॉलॉजी, न्यूरोसायन्स, हिस्टॉलॉजी आपापल्या ओढीने घ्यावेत. स्टॅटिस्टिक्सकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. तो अनेक ठिकाणी अट म्हणून चालतो आणि डॉक्टरला आयुष्यभर लागतो. सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीचे प्राथमिक कोर्स वरच्या स्तराचे नाहीत, पण एमकॅटचा एक संपूर्ण भाग त्यांवर असल्याने त्यांना वेळापत्रकात जागा हवी.

सहावी पायरी: ग्रेडचा हिशेब कागदावर मांडावा

बहुतेक एमडी मेडिकल स्कूलचे अर्ज ॲमकास या एकाच व्यवस्थेतून जातात. ती एकूण जीपीएखेरीज (ग्रेडच्या सरासरीखेरीज) जीवशास्त्र, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा स्वतंत्र जीपीए काढते. न्यूरोसायन्स त्यात जीवशास्त्रात धरले जाते, स्टॅटिस्टिक्स गणितात. सायकॉलॉजी आणि पब्लिक हेल्थ त्यात येत नाहीत. एखादा कोर्स पुन्हा केला तर दोन्ही वेळचे ग्रेड मोजले जातात, मग कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर जुना ग्रेड पुसलेला का असेना.

समजा एखाद्या विद्यार्थिनीचे विज्ञानाचे ६० क्रेडिट झाले आहेत आणि जीपीए ३.६० आहे (‘ए’चे ४ आणि ‘बी’चे ३ गुण धरून). तिने ४ क्रेडिटचा कोर्स घेऊन ‘ए’ मिळवला तर तो ३.६३ होतो, ‘बी’ मिळाला तर ३.५६. असे दोन ‘बी’ झाले तर ३.५३. एका ‘बी’ने आभाळ कोसळत नाही, हे यावरून दिसते. पण केवळ ट्रान्सक्रिप्ट भरगच्च दिसावे म्हणून एकाच सेमिस्टरमध्ये तीन जड कोर्स घेऊन तिन्हींत ‘बी’ आणणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. लॅब असलेले वरचे कोर्स एका सेमिस्टरमध्ये दोनांपेक्षा जास्त घेऊ नयेत. आठवड्यातून एक लॅब म्हणजे तीन-चार तास, आणि अहवाल लिहायला जवळपास तेवढेच. उरलेल्या वेळात सेवाकार्य, डॉक्टरांसोबतची निरीक्षणे आणि झोपही बसवायची असते.

सातवी पायरी: कोण शिकवते आणि वर्ग किती मोठा आहे हे पाहावे

मेडिकल स्कूल साधारणपणे विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात. तीनशे मुलांच्या जनरल केमिस्ट्रीत प्राध्यापकांना नावही ठाऊक नसते. पंधरा-वीस जणांच्या सेमिनारमध्ये मात्र ते तुमचे प्रश्न, तुमची चूक आणि तुम्ही ती कशी सुधारलीत हे पाहतात. म्हणून निदान एक कोर्स लहान वर्गाचा, शोधनिबंध वाचून चर्चा करणारा असावा, आणि तो तिसऱ्या वर्षाअखेरच्या आत संपावा, कारण पत्र त्याच उन्हाळ्यात लागते. आधी त्याच प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेत) एकदा जाऊन अभ्यास कसा चालतो हे विचारले तर उत्तरावरून पुष्कळ कळते.

आठवी पायरी: नोंदणी आणि चौथे वर्ष

वरच्या कोर्सच्या जागा बऱ्याचदा आधी त्या विभागाच्या मेजरसाठी राखलेल्या असतात. नोंदणी उघडण्यापूर्वी ॲडव्हायझरला भेटून पूर्वअट आणि परवानगीचे काम उरकून घ्यावे, आणि एक पर्यायी कोर्स तयार ठेवावा. पहिल्या दोन आठवड्यांत कोर्स झेपत नाही असे दिसले तर ड्रॉपची मुदत संपण्याआधी बाहेर पडावे, म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. मुदतीनंतर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याची खूण) उमटतो. एखादा चालतो, रांग लागली तर मुलाखतीत प्रश्न येतो. अटीत मोडणारे कोर्स पास-फेल पद्धतीने घेऊ नयेत.

चौथ्या वर्षी करायचे कोर्सही अर्जावर ‘पुढे घेणार’ म्हणून नोंदवता येतात, त्यामुळे इम्युनॉलॉजी किंवा दुसरी बायोकेमिस्ट्री तिथे दाखवता येते. अर्ज गेल्यावर त्यांपैकी अटीतला एखादा कोर्स बदलला किंवा रद्द झाला, तर ज्या मेडिकल स्कूलने त्यावर विसंबून प्रवेश दिला आहे तिला लगेच लेखी कळवावे. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी अंतिम ट्रान्सक्रिप्ट पाठवावे लागते आणि तेव्हा प्रत्येक अट त्यावरून पडताळली जाते.