कॅमेरा नीट धरा, फोटो हलणार नाही

धूसर फोटोचं खापर बहुतेक वेळा लेन्सवर फुटतं. दोष असतो हातांचा.

डावा तळवा वर करून लेन्सखाली ठेवा, वजन त्यावरच पेला. झूमची रिंग अंगठा आणि तर्जनीने फिरवता आली पाहिजे. लेन्स वरून चिमटीत धरली की कोपर बाहेर जातं आणि कॅमेरा डुलायला लागतो. उजव्या हाताने ग्रिप धरा, पण आवळू नका; घट्ट मुठीला कंप सुटतो. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) भुवईला लावा. हात लांब करून स्क्रीनकडे बघत टिपणं सगळ्यात वाईट. व्ह्यूफाइंडर नसेल तर पट्टा मानेत ताणून धरा. पाय खांद्याइतके फाकवून एक जरा पुढे.

खरी गडबड बटण दाबताना होते. आधी अर्धं दाबून फोकस घ्या, श्वास सोडा, मग बोटाचं पेर हलकेच खाली न्या. टचकन दाबलं की कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली झुकते. सलग तीन फोटो घेतले तर मधला बहुधा जास्त स्पष्ट येतो.

शटरचा वेग फोकल लेंग्थच्या (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) हिशेबात ठेवा: २०० मिमीला निदान १/२०० सेकंद, एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमहून लहान सेन्सर) साधारण १/३००. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (कंप सावरणारी सोय) असेल तर याहून कमी वेग चालतो, पण त्याने फक्त हाताचा कंप सावरतो. पळणारं मूल धूसरच येणार. तिथे १/५०० लागतो.