लंडनच्या प्रौढ शिक्षण कॉलेजात गव्हर्नर व्हायचं असेल तर

मी लंडनमधल्या एका कॉलेजच्या बोर्डावर आहे हे कळल्यावर सांगलीच्या मामांनी विचारलं, "मग एखादी ॲडमिशन होईल का गं?" नाही मामा. संस्थाचालक म्हटलं की आपल्याला जे आठवतं, त्यातलं गव्हर्नरकडे, म्हणजे कॉलेजच्या बोर्डाच्या सदस्याकडे, काहीच नसतं. केबिन नाही, गाडी नाही, मानधन नाही. प्रवासखर्च मागितला तर मिळतो, बहुतेक जण मागत नाहीत. तरीही इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या, हिशेब, कायदा, आयटी, मालमत्ता, एचआर यांपैकी काहीतरी नीट येणाऱ्या मराठी माणसांनी या कामाकडे बघावं. इथला सार्वजनिक पैसा कुठून येतो आणि त्याचा जाब कोण कुणाला विचारतो, हे मला नोकरीत कधी कळलं नव्हतं, ते इथे कळलं.

ही प्रौढ शिक्षणाची कॉलेजं तशी जुनी. एफ. डी. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५४ मध्ये लंडनच्या कारागिरांसाठी वर्किंग मेन्स कॉलेज काढलं. पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. या दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही, पण मला हा योग आवडतो. मॉर्ली कॉलेज १८८९ चं, सिटी लिट १९१९ चं. आजही अशा कॉलेजात एका मजल्यावर चाळिशीतली बाई जीसीएसईचं, म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेचं, गणित सोडवत असते, शेजारी निवृत्त मंडळी मातीची भांडी घडवत असतात आणि खाली ईसॉलच्या, म्हणजे परभाषकांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गात निम्मे लोक थेट कामावरून आलेले असतात.

पैशाचं गणित याच मिश्रणावर चालतं. काही अभ्यासक्रमांना सरकारी निधी मिळतो. ऑगस्ट २०२४ पासून त्याला ॲडल्ट स्किल्स फंड म्हणतात, आणि लंडनमध्ये तो महापौरांच्या ग्रेटर लंडन ऑथॉरिटीमार्फत येतो. बाकीचे वर्ग विद्यार्थ्यांच्या फीवर चालतात. म्हणजे सप्टेंबरात स्पॅनिश नि चित्रकलेचे वर्ग भरले नाहीत, तर त्याची झळ संबंध कॉलेजला लागते. आर्थिक वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. एप्रिल-मार्चची सवय असलेल्यांनी हे आधीच डोक्यात बसवावं.

निवड सरळ असते: अर्ज, मुलाखत, डीबीएसची पोलीस पडताळणी, हितसंबंधांचं जाहीर निवेदन. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर विनावेतन स्वयंसेवा चालते. मुदत बहुधा चार वर्षांची. शिक्षणक्षेत्राचा अनुभव नसला तरी अडत नाही. बोर्डावर निवडून आलेले शिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी असतात, ती बाजू ते सांभाळतात.

खरं काम बैठकीच्या आधीच्या आठवड्यात असतं. गव्हर्नन्स डायरेक्टर, जुन्या भाषेत बोर्डाचा क्लार्क, कागदांचा जाडजूड गठ्ठा पाठवतो. या माणसाशी पहिल्या दिवसापासून जुळवून घ्या. नियम त्याला सगळ्यांत जास्त ठाऊक असतात. गठ्ठ्यातलं सगळं सारख्याच बारकाईने वाचता येत नाही. मी आधी रोकड बघते: हाती किती दिवसांचा खर्च भागेल इतके पैसे आहेत? मग एकूण उत्पन्नातला किती वाटा पगारांवर जातो. त्यानंतर निकाल.

निकालांत नवखा माणूस हमखास फसतो. समजा १०० जणांनी प्रवेश घेतला, त्यातले ९० शेवटपर्यंत टिकले आणि त्या नव्वदांतले ८१ पास झाले. अहवालात "टिकून राहिले ९० टक्के, पास झाले ९० टक्के" असं छापून येतं आणि सगळे माना डोलावतात. पण कॉलेजचं यश ८१ टक्केच, कारण गळालेलेही हिशेबात धरायचे असतात. तेव्हा विचारायचं: जे गळाले ते कोण होते? संध्याकाळच्या वर्गातले की सकाळच्या? शिफ्ट बदलली म्हणून गेले, मुलांना सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून, की शिकवणं पटलं नाही म्हणून? "आम्ही लक्ष ठेवून आहोत" असं उत्तर आलं, तर कसं ठेवलंय आणि पुढच्या बैठकीत काय दाखवाल, हेही विचारायचं. आवाज न चढवता. इथे आवाज चढला की मुद्दा गेलाच म्हणून समजा.

आपल्यातल्या हुशार माणसांना जड जाते ती दुसरी गोष्ट: विचारायचं, पण चालवायचं नाही. वेळापत्रक, नेमणुका, वर्ग कुठल्या खोलीत भरवायचा, हे प्रिन्सिपलचं काम. दिशा ठरवणं, अंदाजपत्रक मंजूर करणं आणि खुद्द प्रिन्सिपलची नेमणूक करणं हे बोर्डाचं. कॅन्टीनच्या चहावर बोर्डात बोलू नये, तो कितीही पाणचट असला तरी.

ऑफस्टेडची, म्हणजे शिक्षणसंस्था तपासणाऱ्या सरकारी खात्याची, तपासणी आली की इन्स्पेक्टर गव्हर्नरांनाही भेटतात. कॉलेज कुठे कमी पडतं आणि त्यावर तुम्ही काय विचारलंत, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. कौतुकाची पाठ केलेली वाक्यं तिथे उपयोगी पडत नाहीत. सेफगार्डिंग (विद्यार्थ्यांची सुरक्षितता) आणि प्रिव्हेंट (कुणी दहशतवादाकडे ओढलं जाऊ नये यासाठीचा सरकारी कार्यक्रम) यांचं प्रशिक्षण सुरुवातीलाच उरकून घ्या, त्यावर प्रश्न येतातच.

वेळ किती जातो? महिन्यातल्या एक-दोन संध्याकाळी आणि वाचनाचा एखादा रविवार. ऑडिट समितीवर गेलात तर हिशेब मंजुरीच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, जास्त.

अर्ज करण्याआधी तीन कागद मिळवून वाचा: मागच्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब, ऑफस्टेडचा ताजा अहवाल आणि अलीकडच्या बैठकांची इतिवृत्तं. यातली बरीच माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर असते. संस्था धर्मादाय असेल तर तिथे गव्हर्नर म्हणजे कायद्याने विश्वस्त, त्यामुळे जबाबदारी खरीखुरी असते. विश्वस्तांसाठी विमा आहे का, हे विचारायला संकोच नको. इतिवृत्तांत प्रत्येक ठराव एकमताने आणि चर्चेविना मंजूर झालेला दिसला, तर मुलाखतीत अध्यक्षांना त्याबद्दल विचारा. उत्तर देताना ते वैतागले तर दुसरं कॉलेज बघा. लंडनमध्ये जागा निघत असतात.